आमच्या क्लबात आभार बंद होते

सर आम्हाला साहेब म्हणायचे. पोरगा असो, पोरगी असो, बारावी नापास असो की बँकेचा वॉचमन असो, जिना चढून वर आलेला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी साहेब. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या पायात स्लीपर होती आणि पाचोडहून आलेल्या जीपमध्ये दाटीत बसून केसांचा पार झाडू झाला होता. सर टेबलामागून उठले, खुर्ची ओढून दिली आणि म्हणाले, "या साहेब, बसा. किती बोटं चालतात?"

मागं कोणी साहेब उभा आहे की काय म्हणून मी वळून बघितलं. मागं रिकामा जिना होता.

मी गेले होते मराठी टायपिंग शिकायला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आई-वडील दुसऱ्याच्या शेतात राबणारे. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असताना कोणीतरी सांगितलं की टायपिंगचं सर्टिफिकेट नसेल तर सरकारी कारकुनाच्या जागेला अर्जच करता येत नाही. म्हणून औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीतला हा जिना मी चढले. तिथं टायपिंगबरोबर दुसरंच काही गळ्यात पडेल याची मला कल्पना नव्हती.

इन्स्टिट्यूट पहिल्या मजल्यावर होती आणि बरोबर तिच्या खाली मिरची कांडायची गिरणी. उन्हाळ्यात वर्षाचं तिखट कांडून न्यायला गल्लीत बायकांची रांग लागायची आणि वर आमचे डोळे गळायचे. नवीन विद्यार्थी पहिला आठवडा नुसता शिंकण्यात घालवायचा. सरांना जागा बदला म्हणून पुष्कळ जणांनी सांगितलं असेल. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "ज्याला हितं बोलता येतं त्याला कुठंबी बोलता येतं."

कारण रविवारी सकाळी टायपिंग बंद असायचं आणि त्याच खोलीत भाषणाचा क्लब भरायचा. संगणकांवर कव्हरं घातलेली, जुनी टाइपरायटर मशिनं भिंतीला रांगेनं मांडलेली, मधल्या जागेत बोलणाऱ्यानं उभं राहायचं. गिरणीला रविवारची सुट्टी नव्हती. उलट रविवारीच तिला जोर.

सर स्वतः खोलीत बसायचे नाहीत. ते जिन्याच्या वळणावर, भिंतीला पाठ लावून, हातात चहाचा स्टीलचा ग्लास घेऊन बसायचे. आम्ही त्यांना दिसत नव्हतो आणि ते आम्हाला. त्यांचं म्हणणं असं की समोर बसलेले लोक सभ्य असतात, ऐकू आलं नाही तरी माना हलवतात. जिना सभ्य नसतो. आवाज पडला की खालून नुसतं "काय?" असं यायचं. रागाचं नाही, चेष्टेचंही नाही. खरोखर ऐकू न आलेल्या माणसाचं साधं "काय?" एकदा एक विमा एजंट आपल्या आयुष्याचं ध्येय सांगत होते. तीन वाक्यांत तीन वेळा "काय?" आलं. चौथं "काय?" ऐकून त्यांनी वाक्य परत म्हटलं, तर गिरणीच्या रांगेतली एक बाई खालून ओरडली, "ओ भाऊ, तुमाला नाय बोलले, गिरणीवाल्याला बोलले." तिचा आवाज मात्र सगळ्यांना स्वच्छ ऐकू आला. सर वर येऊन एजंटला म्हणाले, "बघा साहेब, तिला तिच्या मिरचीची काळजी आहे. तुम्हाला तुमच्या ध्येयाची तेवढी आहे का?"

माझ्या पहिल्या रविवारची गोष्ट. मला एकच भाषण येत होतं, आमच्या वस्तीत जयंतीला केलेलं. शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला त्याची सुरुवात पाठ असते. मी हात मागं बांधले आणि सुरू केलं, "अध्यक्ष महोदय, पूज्य गुरुजन वर्ग आणि इथं जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आज मी आपल्यापुढे दोन शब्द बोलणार आहे, ते आपण शांत चित्तानं ऐकून घ्यावे ही नम्र विनंती."

जिन्यातून आवाज आला, "ठीक आहे साहेब. ऐकतो शांत चित्तानं. बोला दोन शब्द."

मी पुढचं वाक्य सुरू केलं, तर सर वर आले आणि दारात उभे राहिले. म्हणाले, "दोनच म्हणालात ना? मग दोनच. मोजून दोन. आणि बसा."

सगळे माझ्याकडं बघत होते. डोळ्यांत मिरची गेली होती. पाठ केलेलं सगळं भाषण डोक्यातून पुसलं गेलं. गावाकडं त्या महिन्यात टँकर येत नव्हता आणि सकाळीच आईशी फोनवर तेच बोलणं झालं होतं. तेच तोंडातून आलं. मी म्हणाले, "पानी नाय."

पहिल्या खुर्चीवरचा एक मुलगा हसला. मी पाणी न म्हणता पानी म्हणाले, आणि नाही न म्हणता नाय. सर त्याच्याकडं वळले. काय नाही ते तुम्हाला कळलं का, असं विचारलं. तो म्हणाला, पाणी. सर म्हणाले, "मग पोचलं की. हसायला काय झालं?"

याच सरांनी टायपिंगच्या तासाला मला याच 'ण'साठी कितीदा पानं फाडायला लावली आहेत. कागदावर ण चुकला की त्यांच्या कपाळाला आठी. त्यांचा न्याय असा होता की कागदावरची चूक माणूस गेल्यावरही तिथंच राहते, म्हणून ती सुधारायची. बोलताना ण चुकला तर समोरच्याचं मन कळतं, म्हणून तो तसाच राहू द्यायचा.

पुढचे कितीतरी रविवार मी फक्त दोन शब्द बोलले. नवीन माणसाला तीच शिक्षा होती, किंवा तोच मान. दोन शब्द बोलायचे, थोडं थांबायचं, बसायचं. थांबण्याबद्दल सर फार कडक होते. त्याला ते स्पेस म्हणायचे. शब्दाला शब्द चिकटले की ते जिन्याच्या कठड्यावर अंगठा आपटायचे, टाइपरायटरचा स्पेसबार दाबावा तसा. "सगळ्यात लांब बटण कोणतं साहेब? ज्याच्यावर काही लिहिलेलं नाही ते. उगाच एवढं लांब केलं का?" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलं आहे की आजही ऑफिसात टाइप करताना अंगठा स्पेसवर गेला की पाठ ताठ होते.

क्लबाचा अध्यक्ष दर रविवारी बदलायचा. ज्याची पाळी असेल त्यानं सभा चालवायची. पण कोण आधी बोलणार, विषय काय, हे नंतर. पहिलं काम एकच, खिडकीचं. खिडकी उघडली तर गल्लीतले हॉर्न आणि भाजीवाल्यांच्या आरोळ्या आत. बंद केली तर गिरणीचा तिखट वास खोलीत कोंडून राहायचा. काहीही केलं तरी निम्मे लोक नाराज. माझी पाळी आली तेव्हा मी हुशारी केली. म्हटलं, हात वर करा, ज्यांना उघडी पाहिजे त्यांनी. जिन्यातून सर म्हणाले, "मतदान नाय साहेब. खिडकी तुमची आहे. ठरवा."

मी उघडी ठेवली. खिडकीजवळ बसलेले बँकेचे वॉचमन काका सभा संपेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. घरी जाताना मला फार वाईट वाटलं आणि मी सरांना तसं सांगितलं. ते चहाचा ग्लास विसळत होते. त्यांनी वरही न बघता सांगितलं की पुढच्या खेपेला बंद ठेवाल तर दुसरे कोणी बोलणार नाहीत. माणूस पुढं उभा राहिला की निम्म्या लोकांचा रुसवा त्याच्या वाट्याला यायचाच. तो पचला तर पुढचं सगळं सोपं. त्या दिवशी हे मला पटलं नाही. आज माझ्या हाताखाली तीन माणसं आहेत आणि रोज एक तरी खिडकी असते.

क्लबाचे नियम भिंतीवर लिहिलेले नव्हते, पण सगळ्यांना ठाऊक होते. त्यातला सगळ्यात विचित्र नियम म्हणजे आभार बंद. शेवटच्या माणसाचं बोलणं झालं की सभा संपली. कोणी उठून आता मी आभार मानतो म्हणालं की सर जिन्यातूनच खोकायला लागायचे आणि ते खोकणं मिरचीचं नाही हे सगळ्यांना कळायचं. मुलींना तर ते बजावून सांगायचे. आपल्याकडं कुठलाही कार्यक्रम बघा, स्वागतगीत मुलींनी म्हणायचं, ताट मुलींनी धरायचं आणि शेवटी सगळे उठायला लागले की आभार मुलीनं मानायचे. मधलं खरं बोलणं बाकीच्यांचं. सरांच्या पत्नी शाळेत शिक्षिका होत्या. "आमच्या मॅडमनी नोकरीभर आभार मानले," सर म्हणायचे. "हेडमास्तर एकदाबी झाल्या नाहीत. आवाज असा की मैदानाच्या टोकाला ऐकू जावा. वापरला कशाला? सतरंज्यावाल्याचे आभार मानायला."

मॅडम इन्स्टिट्यूटच्या मागच्या दोन खोल्यांत असायच्या. हे बोलणं त्यांना पडद्याआडून ऐकू जायचं.  आणि त्या रविवारी सरांच्या चहात साखर कमी पडायची, असं वॉचमन काका म्हणायचे.

मला क्लबात येऊन वर्ष होत आलं होतं तेव्हा गावाकडं आमची सकाळची बस बंद झाली. रस्त्याचं काम आहे म्हणून बंद केली, काम झालं, बस आलीच नाही. माझी धाकटी बहीण शीतल पाचोडच्या कॉलेजात अकरावीला होती. गावातल्या सात-आठ पोरी त्याच बसनं जायच्या. आता फाट्यापर्यंत चालत जायचं आणि तिथून जीप. जीप भरून आलेली. पोरं मागं लटकून जायची, पोरींना तसं जमत नव्हतं. एकेक करून घरच्यांनी पोरी घरी बसवल्या. आमचे वडील शिक्षणाच्या आड येणारे नव्हते, पण त्यांनाही रोजची ती वाट बघवत नव्हती. दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर बस झालं, असं त्यांनी शीतलला सांगितलं. तेवढ्यात आत्यानं एक स्थळही आणलं. शीतलनं मला फोन केला. रडली नाही. म्हणाली, "ताई, तू म्हणतेस तसं टायपिंग शिकेन, पण आधी मला बारावी करू दे. तेवढं बघ."

तेवढं बघायचं कसं हे मला कळत नव्हतं. आगारात अर्ज देऊन झाले होते. आणि अशात गावात नवा प्रवासी निवारा बांधून झाला. सिमेंटची बाकं, वर पत्रा, कपाळावर मोठ्या अक्षरांत नावं. बस नसलेल्या गावात बसची वाट बघायला जागा. त्याचं उद्घाटन ठरलं आणि पाहुणे म्हणून आगारप्रमुख येणार होते.

आमच्या सरपंच बाई होत्या, पण फोन करायचे ते त्यांचे मालक. त्यांचा मला फोन आला. "ताई, तू शहरात भाषणाचा क्लास करतीस म्हणं. आभाराचं तुझ्याकडं देतो. पत्रिकेत नाव छापतो." मी म्हटलं, भाऊ, मला पाच मिनिटं बोलू द्या, बसबद्दल. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "पाहुण्यापुढं रडगाणं शोभत नाय गं. यादी भरली. तू आभार मान, गोड मान, म्हंजे झालं."

रविवारी मी क्लबात हे सांगितलं. सर जिन्यातून वर आले. त्यांच्या हातात ग्लास तसाच होता.

"नाही म्हणून कळवा," ते म्हणाले. "बोलायला देत असतील तर जा. आभाराला जाऊ नका. एकदा आभार मानलेत साहेब, की जन्मभर आभारच."

मी म्हटलं, "सर, माझी बहीण घरी बसेल."

"आभार मानून बस येते का?"

"न मानून पण आली नाही, सर."

 सरांना असं उलट कोणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं, आणि मी तर कोणालाच बोलले नव्हते. माझी मान खाली गेली नाही याचं मलाच नवल वाटलं. सरांनी ग्लासातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाले, "मी आभार शिकवत नाही. तुमचं तुम्ही बघा," आणि परत जिन्यात जाऊन बसले. त्या दिवशी बाकीचे सगळे बोलले, पण खालून एकदाही "काय?" आलं नाही.

मी निघाले तेव्हा मॅडमनी पडदा बाजूला करून मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात पोळपाटावर कणीक होती. त्या लाटता लाटताच बोलत राहिल्या.

"त्यांचं मनावर घेऊ नकोस. आभार मला आवडायचे. हे त्यांनी मला कधी विचारलंच नाही." मग पोळीला पीठ लावत म्हणाल्या, "आभाराला लोक उठून जातात हे खरं आहे. पण पाहुण्यांना उठता येत नाही. त्यांचं नाव यायचं असतं. ते घेतल्याशिवाय कसे उठतील? शाळेत मुलींना मुतारी नव्हती. साहेब लोक यायचे, भाषणं करायचे, जायचे. एका वर्षी मी मोठ्या साहेबांचं नाव शेवटी ठेवलं. बाकी सगळ्यांचे आभार मानले, शिपायाचे, दूधवाल्याचे, पावसाचे. ते बिचारे बसलेले. मग म्हटलं, साहेबांचे आभार मुतारीबद्दल मानायचे आहेत, ती कधी होणार तेवढं सांगावं."

"मग?"

"मग काय. झाली मुतारी."

मी विचारलं, सरांना हे माहीत आहे का. त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "त्यांना वाटतं मी सतरंज्यांचे आभार मानत होते. वाटू दे."

उद्घाटनाच्या आदल्या दिवशीच मी गावी मुक्कामाला गेले होते. सकाळी मंडपात सतरंजी टाकलेली, पुढं पोरी बसलेल्या, त्यांत शीतल. मागं खुर्च्या. मी व्यासपीठाच्या कडेला उभी होते आणि रस्त्यापलीकडच्या टपरीवर नजर गेली, तर तिथं सर. पांढरा सदरा, हातात चहा. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. बस नव्हतीच, म्हणजे जीपनं फाट्यापर्यंत आणि तिथून चालत आले असणार. मला बघून त्यांनी ओळख दाखवली नाही. ते जिन्यावर बसल्यासारखे टपरीच्या फळीवर बसले.

भाषणं झाली. निवाऱ्याचं कौतुक झालं. आगारप्रमुखांनी प्रवाशांची सेवा हाच आमचा धर्म असं सांगितलं आणि फोन बघत बसले. मग माझं नाव पुकारलं, आणि नाव पुकारताच मंडप उठायला लागला. नाश्त्याची पातेली मागं आली होती. पण मॅडमचं म्हणणं खरं होतं. व्यासपीठावरचं कोणी उठत नव्हतं.

मी मंडपवाल्यापासून सुरुवात केली. मग माईकवाले, गवंडी, वाळू आणणारे, नाश्ता करणाऱ्या बाया, गावकरी, सरपंच बाई. प्रत्येक नावानंतर थांबत होते. आगारप्रमुखांनी फोन खिशात ठेवला आणि उठण्याच्या बेतानं खुर्चीच्या कडेला सरकले. पुढचं नाव आपलंच हे त्यांना ठाऊक होतं.

मी म्हणाले, "आता आगारप्रमुख साहेबांचे आभार मानायचे आहेत. पण कशाबद्दल मानू, हे मला कळत नाही. जागा गावानं दिली. बांधकाम निधीतून झालं. साहेबांकडं गाडी आहे. पोरींची सकाळची गाडी बंद आहे. ती सुरू करतो असं साहेब म्हणाले, की मी आभार मानते आणि बसते."

पातेल्याकडं निघालेले लोक थांबले. सरपंचबाईंचे मालक माईककडं हात करत पुढं आले. "ताई, आटप आता." मी माईक सोडला नाही. ओढाओढी होते की काय असं वाटलं, तेवढ्यात आतापर्यंत डोक्यावरचा पदर धरून बसलेल्या सरपंच बाई म्हणाल्या, "बोलू द्या तिला." एवढंच. पण माईक जवळ होता, ते सगळ्या गावाला ऐकू गेलं. त्यांचे मालक जिथं होते तिथंच थांबले.

आगारप्रमुख हसले. मोठ्या माणसासारखे. "बघतो ना," म्हणाले.

"साहेब, बघतोचे आभार कसे मानायचे, ते मला येत नाही."

मागून कोणीतरी शिट्टी मारली. पोरी हसल्या. आगारप्रमुखांनी एकदा मंडपाकडं पाहिलं, एकदा त्यांच्या शेजारच्या माणसाकडं पाहिलं.  मी थांबले. तोंड उघडावंसं वाटत होतं, तरी थांबले. इतका वेळ मी आयुष्यात कोणासमोर गप्प उभी राहिलेली नाही.

"सोमवारपासून सोडतो," ते शेवटी म्हणाले. "पहिल्याच टायमाला."

मी ते माईकवर जसंच्या तसं परत म्हटलं. सोमवार, पहिल्याच टायमाला. मग त्यांचे आभार मानले आणि बसले. टाळ्या झाल्या, पण मला त्या नीट आठवत नाहीत. शीतलनं सतरंजीवरून वर बघितलं ते आठवतं.

सरांना फाट्यापर्यंत सोडायला मी निघाले. ऊन वर आलं होतं.  फाटा दिसायला लागला तेव्हा मी विचारलं, ऐकू आलं का सर.

"आलं."

मी वाट बघत राहिले. त्यांनी आजवर कोणाला शाबासकी दिलेली मी पाहिली नव्हती, पण त्या दिवशी देतील असं वाटत होतं. जीप आली. सर मागच्या बाजूला चढले, दाटीत जागा केली, आणि दांडी धरून माझ्याकडं वळले.

"जायची गाडी मागितलीत साहेब. यायची?"

मी रस्त्यात उभी राहिले. कॉलेज सुटल्यावर पोरी परत कशा येणार हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. संध्याकाळची बसही तेव्हाच बंद झाली होती. सगळं गाव टाळ्या वाजवत होतं आणि गावातही कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. जीप सुटता सुटता ते एवढंच म्हणाले, "आभाराला नाव नाय ठेवत. आभार बरोबर होते."

मॅडमनी सांगितलेली मुतारीची गोष्ट मी त्यांना कधी सांगितली नाही. ती सांगायची असेल तर मॅडम सांगतील. क्लबात आभार अजून बंद आहेत. गिरणी सुरू आहे, सर जिन्यात आहेत, एका कानानं जरा कमी ऐकू येतं म्हणून "काय?" थोडं वाढलं आहे. पण एवढं खरं, की एखाद्या नव्या मुलीला गावाकडून कुठं आभाराचं आमंत्रण आलं, की मॅडम पडद्यातून तिला आत बोलावून घेतात, आणि सर त्या वेळी मुद्दाम खाली जाऊन गिरणीवाल्याशी बोलत उभे राहतात.

आता त्या सोमवारचं सांगायचं राहिलं. मी रविवारी परत शहरात जाणार होते, गेले नाही. पोरींबरोबर नव्या निवाऱ्यात उभी राहिले. येते की नाही याची मला खात्री नव्हती, आणि आली नाही तर पोरींना घेऊन त्याच दिवशी आगारात जायचं मी ठरवलं होतं. संध्याकाळच्या बसचं मी घरी कोणाला बोलले नव्हते. आधी सकाळची येऊ दे, मग बघू, असं म्हणत होते.

वडीलही आले होते. निवाऱ्यात न बसता रस्त्याच्या कडेला उभे होते, हात मागं बांधून.

बस आली. उशिरा आली, पण आली. पुढच्या काचेला पाटी नव्हती, आत दोन म्हातारे आणि कोंबड्यांची एक टोपली. कंडक्टरनं दार उघडून चला लवकर म्हटलं. पोरी एकेक करून चढल्या. शीतल शेवटी होती. तिनं एक पाय पायरीवर ठेवला, एका हातानं दांडी धरली आणि विचारलं, "संध्याकाळी परत किती वाजता?"

"परत नाय. एवढीच फेरी."

"मग आम्ही यायचं कसं?"

"ते आगारात विचारा बाई, मला काय ठाव."

"तुम्ही विचारा ना. फोन हाय की तुमच्याकडं."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. आतून पोरी तिला चल चल म्हणत होत्या. मी पुढं व्हायला एक पाऊल टाकलं. वडिलांनी माझ्या हाताला धरलं आणि नको अशी नुसती मान हलवली.

शीतलचा आवाज मोठा नव्हता. पण ती थांबली होती, आणि ती थांबली होती तोवर दार लागत नव्हतं. कंडक्टरनं तिच्याकडं पाहिलं, ड्रायव्हरकडं पाहिलं, खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. शीतलचा दुसरा पाय अजून जमिनीवरच होता.